टमरेल हातात धरून पाहिलेलं शहर

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन वर्ध्याला झालं, तेव्हा माझ्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. पट्टी निघेपर्यंत गावी जाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आम्ही दोघी सासूबाईंच्या भावाकडे, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यामागच्या घरी राहिलो. सासूबाईंचे दोन्ही डोळे बांधलेले होते. त्यांना भरवायचं आणि हात धरून न्यायचं, एवढंच माझं काम.

मला लहानपणापासून धावायला आवडे. चौथीनंतर शाळा सुटली, पण शेतात शिदोरी पोचवायची ती मी धावतच. सासरी, हिंगणीच्या बाजूला आल्यावर ते बंद झालं. पदर डोक्यावर, पाऊल हळू. उरली फक्त पहाट. उजाडायच्या आत आम्ही बायका टमरेल घेऊन गावाबाहेर गोदरीकडे, उघड्यावर बसायला जात असू. परतताना मी मुद्दाम मागे राही आणि बैलगाडीच्या वाटेवरून अंधारात धावून घेई. दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच.

वर्ध्याच्या घरी परसात संडास होता. त्यामुळे बाहेर पडायला कारणच उरलं नाही. पहिला दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या पहाटे टमरेल भरून दाराची कडी काढली.

चुलीजवळून मामेसासूंनी विचारलं, "कुठी निघाली व?"

"बाहेर जाऊन येतो, मामीजी. संडासात मले जमत नाई."

"अव माय! बरं, रुळाकडं जाय. लवकर येजो."

रुळापाशी गेले, पाणी सांडून टाकलं, लुगडं खोचलं आणि उलट्या दिशेनं, शहराकडे धावत सुटले.

एक गोष्ट मला तेव्हा कळली. हातात टमरेल असलेल्या बाईकडे कोणी पुरुष बघत नाही. समोरून येणारा मान खाली घालतो नाहीतर तोंड फिरवतो. गावात कोणी वर पाहिलं तरी मला घाम फुटे, आणि इथे अख्खं शहर माझ्यासाठी मान खाली घालून उभं होतं.

कापसाच्या गाड्या बाजाराबाहेर रांगेनं लागलेल्या. गाडीवान गाडीखाली घोंगडी पांघरून झोपलेले. रस्त्याकडेच्या कडुलिंबाच्या फांद्यांना कापूस अडकलेला, जणू झाडालाच बोंडं फुटलीत. बसस्टँडवर देवळीची गाडी घरघरत उभी होती. मी रोज थोडी पुढे जाई. एकदा एका चहाच्या टपरीपाशी कोणी ओरडलं, "बाई, इकडं बाजार हाये, जागा तिकडं मागं राह्यली!"

दुसरा म्हणाला, "जाऊ दे न बे. पोट बिघडलं असन बिचारीचं, पाय कसे उचलून राह्यली ते पाह्य!"

लाजेनं मेल्यासारखं झालं, पण हसूही आलं. मी आणखी जोरात धावले.

मग एके दिवशी मामेसासूंनी मला बाजाराकडून येताना पाहिलं. त्या सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन मोठ्यानं म्हणाल्या, "तुमची सून रोज बाजारातून येऊन राह्यली. बाजारात गोदरी हाये काय?"

आता आपली पहाट गेली, गावातलीसुद्धा गेली, एवढंच मनात आलं.

मामेसासू आत गेल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "पयत होती न तू? तुया दम मले रोज ऐकू येते."

डोळे बांधलेले असूनही त्यांनी माझं पळणं ओळखलं होतं. मग विचारलं,

"काय काय पाह्यलं?"

सासूबाईंपुढे मी कधी चार शब्द धड बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र गाड्या, गाडीवान, कापूस लागलेला लिंब, टपरीवरचे ते दोघं, सगळं सांगितलं. टपरीचं ऐकून त्या इतक्या हसल्या की डोळ्याला धक्का लागेल म्हणून मीच घाबरले.

हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "मी वर्ध्याले किती खेपा आलती. पण गाडीत बसून, पदर नाकापर्यंत. बैलाचे पाय तेवढे पाह्यले." मग हळू आवाजात, "उद्या टेसनाकडं जाय. मले येऊन सांगजो."

दुसऱ्या पहाटे सवयीनं मी टमरेल उचललं. भांड्याचा आवाज त्यांना ऐकू गेला.

"ते काऊन घेतं? ठेव खाली. कोणी इचारलं तं सांगजो, सासूनं धाडलं."

रिकाम्या हातानं मी स्टेशनच्या रस्त्याला लागले. त्या दिवशी लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण थांबले नाही.

पट्टी निघाल्यावर आम्ही दोघी पायीच बसस्टँडकडे निघालो. वाटेत त्या एका झाडाखाली थांबल्या. हिरवा चष्मा वर करून बराच वेळ फांद्यांकडे पाहत राहिल्या.

"हाच न तो लिंब?"

मी हो म्हणाले. त्यांनी पदर मागे सारला आणि विचारलं, "आन् ती टपरी कुठी हाये?"