वायनरीची फोड

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच म्हणा तुम्ही! पण शब्दाची फोड करून सांगायच्या माझ्या खोडीपायी सख्ख्या भाच्याचं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं, हे खरं.

नाशिककडं नव्यानं वायनऱ्या निघत होत्या तेव्हाची गोष्ट. भाचा पंकज तिथंच नोकरीला लागलेला. पण नोकरीचं नुसतं नाव ऐकून दोन ठिकाणांहून नकार आलेला! तिसरं स्थळ कागलचं. मुलीचे वडील निवृत्त सुभेदार. कपाळाला अष्टगंध, भिंतभर देव. पोरांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही लाजली. म्हटलं, जमलं!

तेवढ्यात सुभेदारांनी विचारलं, "वायनरी म्हंजे काय वो, मास्तर?"

भाषेच्या मास्तराला शब्दाचा अर्थ विचारायचा? मी सरसावून बसलो. "सोपं आहे. बेक करतात ती बेकरी, तशी वाईन..."

आणि जीभ चावली. समोर अष्टगंध! मी गाडी वळवली.

"मूळ लॅटिन शब्द हो. विनम! म्हणजे... आपलं द्राक्षासव!" विनम म्हणजे वाईनच, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"म्हंजे औषध?"

"औषधच!"

पंकजनं मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, शाबासकी देतोय.

"जरासुदिक चढत न्हाय?"

"छे छे! लहान पोरांना पाजा!"

सुभेदारांचा चेहरा पडला. ते उठलेच. "बरं. कळवतो मग."

कळवतो म्हणजे नकारच की! दाराआडून बघणाऱ्या मुलीचं तोंड एवढंसं झालं. मी घामाघूम. तेवढ्यात पंकज ताडकन उठला.

"मामा थापा मारतोय! आम्ही द्राक्षांची दारू करतो. वाईन! आणि ती चढते!"

मी डोळेच मिटले.

"आरं मग आधी बोलायचं की, जावई!" सुभेदार धपकन परत खाली बसले. "थोरल्या जावयाचं औषधाचं दुकान हाय. दर दिवाळीला च्यवनप्राश आणतंय बेणं! म्हटलं, दुसराबी तसलाच गाठ पडला!"

लग्न दणक्यात झालं. नंतरच्या मटणाच्या जेवणाला पंकजनं वाईनच्या बाटल्या आणल्या. सगळ्यांचे पेले भरले. मीही माझा पुढं केला.

"थांबा मास्तर, तुमचं येगळं हाय." सुभेदारांनी खिशातून थोरल्या जावयाच्या दुकानातली तपकिरी बाटली काढली. द्राक्षासव!

"जेवान झाल्यावर दोन चमचं!"

आणि चमचा? तोही आणला होता हो त्यांनी.