तांबड्या दोऱ्याची वाट

आई गेल्यानंतर दहा महिने मी देवासमोर दिवा लावत होतो, पण हात जोडत नव्हतो. दिवा ही तिची सवय, ती मोडवत नव्हती. हात जोडून मागायचं काय, ते मात्र कळत नव्हतं. ती गेली त्या सकाळी तिला साधा ताप आहे असं समजून मी कामावर गेलो होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत असताना शेजाऱ्यांचा फोन आला. जाताना तिला मला काही सांगायचं असेल आणि ते ऐकायला मी नव्हतो, हा विचार मनातून हलत नव्हता. ज्या ग्रामदेव रवळनाथाला तिने जन्मभर हाक मारली, त्याने एवढंही करू नये?

माझी भाची अमेरिकेत, तिथल्या मूळच्या नवाहो लोकांच्या मुलखात एका शाळेत गणित शिकवते. तिच्या शेजारी हातमागावर लोकर विणणाऱ्या एक वृद्ध बाई राहतात. त्यांच्याकडून ऐकलेलं ती मला फोनवर सांगायची. "मामा, इथे नाव नंतर. आधी तू कोणाचा ते सांगायचं. आईचं कूळ, वडिलांचं कूळ, आईच्या वडिलांचं, वडिलांच्या वडिलांचं. मग परका माणूस परका राहत नाही." मी म्हटलं, "त्यात नवीन काय? मालवणी माणूस बसस्टॉपवर दुसरं काय विचारतो?" ती हसली. "विचारतो रे, पण तू कधी उत्तर देतोस का?" ते खरं होतं. मी नाव आणि हुद्दा सांगून मोकळा होत असे. तिकडे घराचं दार पूर्वेला असतं आणि उजाडताना उगवतीकडे तोंड करून प्रार्थना करतात, हेही तिने सांगितलं. तिचा आग्रह म्हणून मी नायगावच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत पहाटे पूर्वेकडे बघत उभा राहू लागलो. शब्द काही येत नव्हते. पण ते उभं राहणं मी सोडलं नाही.

चाळ पाडून तिथे टॉवर होणार म्हणून खोली रिकामी करायची वेळ आली. सामान आवरताना आईने शिवलेली माझी गोधडी हातात घेतली. तिच्या सुती लुगड्यांची, बारीक धावदोऱ्याची. आई प्रत्येक गोधडीत मधल्या चौकोनापासून एका कोपऱ्यापर्यंत तांबडा दोरा नेत असे आणि त्याचं टोक बोटभर मोकळं सोडत असे. लहानपणी मी म्हणायचो, "आये, तिथे गाठ मार ना, उसवेल." ती म्हणायची, "वाट ऱ्हवाक व्हयी रे." वाट राहायला हवी म्हणे! मला तो तिचा अडाणीपणा वाटायचा. त्याच कोपऱ्यात आत काहीतरी टणक होतं. डोक्याला टोचतं म्हणून ती बाजू मी नेहमी पायाकडे घ्यायचो. आता नव्या घरात ही आठवण विरून जाऊ नये, म्हणून लालबागच्या एका शिंप्याकडे गोधडी दिली आणि चारी बाजूंनी जाड पट्टी मारायला सांगितली.

त्या रविवारी भाचीला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती एकदम म्हणाली, "मामा, तू वाट बंद केलीस?"

तिने सांगितलं, आजीने तिलाही शिवून दिलेली गोधडी तिने त्या शेजारणीला दाखवली होती. तांबड्या दोऱ्यावरून बोट फिरवून त्या घरी गेल्या आणि आपलं विणकाम घेऊन आल्या. त्यातही आतल्या नक्षीतून काठ ओलांडून बाहेर जाणारी एक बारीक रेघ होती. विणताना विणकरणीचं मन त्यात उतरतं, ते काठाच्या आत कोंडून राहू नये म्हणून ही वाट. दोन मुलखांतल्या दोन बायकांना जे ठाऊक होतं, ते आयुष्यभर पुस्तकांत राहून मला कळलं नव्हतं. आईला धरून ठेवायच्या नादात मी तिलाच कोंडायला देऊन आलो होतो.

तसाच लालबागला गेलो. शिंप्याच्या गाळ्याला कुलूप होतं, पाटीही काढून नेलेली. तीही इमारत रिकामी होत होती. शेजारच्या मसाला कांडपाच्या गिरणीतून एक म्हातारी मिरचीने लाल झालेले हात झटकत बाहेर आली.

"शिंप्याक बघतंस? तो गेलो. तू खंयचो?"

मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. का कोण जाणे, भाचीने सांगितलेल्या क्रमानेच सांगत गेलो. आईचं माहेर पाट, आमचं गाव नेरूर, मग आईच्या वडिलांचं घराणं, मग वडिलांच्या वडिलांचं.

"अरे, मी पाटचाच चेडू, तुज्या आवशीच्याच गावचा! मगे तू माजो भाचो झालंस. रस्त्यार उभो काय ऱ्हवतंस? भितुर बस."

मी गोधडीचं सांगितलं. ती उठली आणि मिरच्यांच्या पोत्यांमागून एक गाठोडं काढलं. शिंपी निघताना ठेवून गेला होता. "तीन बाजू झाले म्हणालो. पण ह्या कोपऱ्यात सुई मोडता, दोन मोडले. गिरायक इला तर दी, म्हणालो."

तीन बाजूंना पट्टी बसली होती. चौथी बाजू, तांबड्या दोऱ्याची, मोकळी होती.

म्हातारीने तो कोपरा चिमटीत दाबून पाहिला. "सुपारी असा ही. देवाक गाऱ्हाणा घालून शिवलेली. माजी आवस पण घालायची, पोराच्या नावान. तुका म्हायत नाय? करतंस काय तू?"

"ग्रंथालयात काम करतो."

"येवढी पुस्तका वाचलंस, आणि हाताक कळूक नाय?"

आईने माझ्यासाठी देवाला घातलेलं गाऱ्हाणं, तिची प्रार्थना, मी चाळीस वर्षं पायाशी घेऊन झोपलो होतो. तिचे शेवटचे शब्द राहून गेले म्हणून मी देवावर रुसलो होतो. तिला जे सांगायचं होतं, ते तिने कधीच शिवून ठेवलं होतं.

सुई सुपारीने मोडली, हे मला समजतं. त्याहून अधिक काही मी म्हणत नाही. घरी येऊन ब्लेडने तिन्ही पट्ट्या टाका टाका उसवल्या. सुपारी काढून पाहिली नाही. ते तिचं आणि देवाचं बोलणं आहे. आता तो कोपरा उशाला असतो आणि थोडा टोचतोही. पहाटे भाड्याच्या खोलीच्या खिडकीत उगवतीकडे तोंड करून मी कोणाकोणाचा आहे ते मनात सांगतो, आणि मग हात आपोआप जोडले जातात. मागत काहीच नाही. दोऱ्याचं टोक हळूहळू विरत चाललं आहे. मी त्याला गाठ मारत नाही.