सुग्रीवचा अर्धा फूट

मी तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं आणि त्यातली आठ वर्षं एक माप चुकीचं वाचलं, हे आधीच कबूल करून टाकतो. मागाहून कुणी बोट दाखवायला नको. ती चूक मला ज्याने दाखवली त्याला आकडाही वाचता येत नव्हता. त्याचं नाव सुग्रीव. आमच्या बीडच्या शाळेत चपराशी होता.

तेव्हा निजाम सरकारचा अंमल होता. शाळेत शिकवणं उर्दूतून चालायचं आणि घरी जाऊन मुलं आईशी मराठीत भांडायची. आमचे हेडमास्तरसाहेब हैदराबादचे. हैदराबादला सगळे नुसतं बल्दा म्हणत. तिथून येताना त्यांनी खेळांचं वेड सोबत आणलं आणि दर साली बहमन महिन्यात, ऐन थंडीत, शाळेत धावण्याच्या, उड्यांच्या शर्यती व्हायला लागल्या. मला धड पळताही येत नव्हतं, पण आकडे वाचता येतात म्हणून मापाच्या फितीचं एक टोक माझ्या हातात आलं. दुसरं टोक सुग्रीवच्या हातात असे.

सुग्रीव वडवणीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. चपराशी व्हायच्या आधी तो जमीन मोजणाऱ्या बंदोबस्ताच्या खात्यात साखळी ओढायचा. बारा वर्षं त्याने शिवारं मोजली. त्याच्या अंगात मोजणी इतकी मुरली होती की शाळेच्या फाटकापासून विहिरीपर्यंत चालला तरी ओठ हलत असायचे.

लांब उडीच्या हौदावर त्याचा जीव होता. बिंदुसरा नदीची वाळू तो गाढवावर आणायचा आणि घरच्या चाळणीने चाळायचा. त्याची बायको तुळजाबाई एकदा थेट हेडमास्तरांकडे आली आणि म्हणाली, साहेब, आमच्या भाकरीत वाळू लागती, पोरांच्या बुडाला खडा टोचू नये म्हणून. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सरकारी चाळणी मंजूर केली.

उडीच्या वेळी सुग्रीव फळीपाशी उकिडवा बसे. जमिनीत पुरलेली ती लाकडी फळी. पाय तिच्यावर पडला पाहिजे, पुढे गेला तर उडी बाद. फळीच्या पुढे तो पिठासारखी बारीक माती पसरून ठेवायचा, म्हणजे अंगठा पुढे गेला तर ठसा उठेल. हे काम असं की मुलगा उडाला की सगळं मैदान हवेत बघतं आणि सुग्रीव खाली मातीत बघतो. उड्यांचं इतकं वेड असलेल्या माणसाने एकही उडी वर मान करून पाहिली नव्हती. मी एकदा त्याला चिडवलं, की लेका, लग्नात जेवण वाढणाऱ्यासारखी तुझी गत. तो म्हणाला की पाय कसा पडला हे कळलं की उडी कशी झाली ते कळतंच. मला ती थाप वाटली.

फसली तेराशे पस्तीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचवीस साली आमच्याकडे गहिनीनाथ होता. लिंबागणेशचा, शेतकऱ्याचा मुलगा, शेवटच्या वर्गात. अभ्यासात बरा, बोलण्यात मुका. पण तो धावत येऊन फळीवरून उठायचा तेव्हा मी वही विसरायचो. माणसाचं वजन असतं, हाडं असतात, जमीन त्याला ओढते, हे सगळं मी शिकवायचो. गहिनीनाथ वर गेला की ते खोटं वाटायचं. त्या साली त्याची उडी मी मोठ्याने वाचली, वीस फूट एक इंच. मैदान गरजलं. सुग्रीव मात्र त्याच्या ठशापाशी बसून राहिला होता, देवळात बसतात तसा.

त्या वीस फुटांना फार मोल होतं. नियम असा होता की जिल्ह्यातला जो मुलगा वीस फूट उडेल त्याला बल्द्याच्या सामन्यांना पाठवायचं, आणि तिथल्या कॉलेजात त्याला राहायची जागा आणि वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळायचा. नाहीतर गहिनीनाथचा थोरला भाऊ औतापाशी त्याची वाट बघतच होता. हेडमास्तरांनी कागद तयार करून सहीला ठेवला.

त्याच आठवड्यात शाळेची हद्द वाढवायची म्हणून तहसिलीतून मोजणीची साखळी आली. सुग्रीवला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. काम संपल्यावर त्याने ती साखळी हौदाशेजारी ताणून ठेवली, तिच्या अंगाने आमची कापडी फीत लावली आणि मला बोलावून विचारलं की साखळीच्या टोकाशी कोणता आकडा येतोय. मी वाकून वाचला. साडेतेहतीस फूट.

सुग्रीव म्हणाला, साखळी तेहतीस फुटांची असते. मी म्हणालो, तुझी साखळी ताणली असेल. तो म्हणाला की साखळी ताणते ती बोटभर, वीतभर नाही, आणि ही साखळी त्याने सकाळीच तहसिलीच्या ओट्यावरच्या मापाच्या खुणांना लावून पाहिली होती. मग त्याने फितीचं आपल्याकडचं टोक उचललं. पितळेची कडी होती, कडीला दोऱ्याचे टाके होते, आणि टाक्यांनंतरचा पहिला आकडा होता सात. एक ते सहा नव्हतेच.

मी काही बोलायच्या आत त्याचा चेहरा उतरला. आठ वर्षांपूर्वी, मानमोडीच्या तापाच्या साली, फितीचं टोक उंदराने कुरतडलं होतं, तेव्हा कडी त्यानेच टाचली होती. मोजणी खात्यात रीतच तशी. साखळीचं टोक तुटलं की पुढच्या दुव्यात कडी अडकवायची आणि काम चालू ठेवायचं. जेवढी साखळी तोकडी झाली तेवढं वजा करणं हे कागद लिहिणाऱ्याचं काम.

"मला वाटलं, वाचणारा वजा करत आसंल," तो म्हणाला.

वाचणारा मी होतो. कडीचं टोक नेहमी त्याच्याकडे आणि वाळूचं माझ्याकडे. आठ वर्षांत मी एकदाही पलीकडे जाऊन बघितलं नव्हतं. म्हणजे आठ वर्षं आमच्या शाळेतला प्रत्येक मुलगा अर्धा फूट उसना घेऊन उडत होता. गहिनीनाथची उडी वीस-एक नव्हती, एकोणीस-सात होती.

आता माझं पाप सांगतो. मी म्हणालो, गप्प बस. कागद उद्या टपालात पडतोय, पोराचं भलं होतंय, आठ वर्षं कुणाला कळलं नाही ते आणखी आठ वर्षं कळणार नाही. सुग्रीवची नोकरी जाईल, असंही वर बोललो. खरं तर माझी लाज मला प्यारी होती.

सुग्रीवने कडी चाचपली. मग म्हणाला, "मास्तर, बल्द्यात फीत चांगली आसंल. तिथं ह्यो जीव तोडून उडंल, अन् अर्धा फूट कमी भरंल. त्याला कावून कमी भरलं ते कोण सांगंल? त्याला वाटंल, आपल्यातच कायतरी तुटलंय. तसं न्हाई होऊ द्यायचं."

सुग्रीवला मी इतकी वर्षं खेळवेडा चपराशी समजत होतो. नोकरी, अब्रू, साहेबाचा राग, यातलं काहीही त्याच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त तो मुलगा, परक्या गावात, वाळूत बसलेला.

तो तसाच उठून हेडमास्तरांकडे गेला आणि मलाही मागे जावं लागलं. साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, फीत हातात घेऊन पाहिली, आणि मला एवढंच विचारलं की आठ वर्षं आपण काय वाचत होतात. सुग्रीवला ते काहीच बोलले नाहीत. कागद फाडला आणि औरंगाबादला लिहिलं की माप चुकलं आहे, शाळा तपासणाऱ्या मोहतमीमसाहेबांनी स्वतः येऊन उडी मोजावी.

गहिनीनाथला सांगायचं काम सुग्रीवने स्वतःकडे घेतलं. हौदाच्या काठावर दोघं बसले होते. लांबून मला दिसलं की सुग्रीवने कडी दाखवली, टाके दाखवले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. गहिनीनाथ उठला आणि फाटकातून बाहेर पडला. दोन दिवस आला नाही. लिंबागणेशला निघून गेला म्हणे. ते दोन दिवस सुग्रीव जेवला नाही, हे तुळजाबाईने शाळेत येऊन मला सुनावलं, जणू मीच ताट उचललं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ हौदापाशी उभा होता. सुग्रीवला म्हणाला की साहेब यायला बारा दिवस आहेत, काय करायचं ते सांगा. आणि मग सुग्रीवने जे सांगितलं ते ऐकून पायावरून उडी कळते ही थाप नव्हती हे मला पटलं. तो म्हणाला की मी तुझी उडी कधी बघितली नाही, पण तीन वर्षं तुझा पाय बघतोय. तुझा पाय दर खेपेला फळीच्या काठाच्या चार बोटं आधी पडतो. उडी बाद होईल म्हणून तू भितोस. माप फळीच्या काठापासून धरतात, म्हणजे ती चार बोटं तू दर खेपेला फुकट घालवतोस.

मैदानावरच्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं, कारण आम्ही सगळे वर बघत होतो.

बारा दिवस दोघं धावेच्या मागे लागले. सुग्रीवने मोजणीतल्यासारख्या काटक्या रोवल्या, पावलं मोजली, सुरुवातीची खूण बोटाबोटाने पुढे सरकवली. मी सावलीत उभा राहून बघायचो. कोण कुणाला शिकवतंय हे कळायचं नाही. दोघंही एका पावलासाठी असे झुरत होते की मला माझ्या वर्गातल्या खडूची लाज वाटू लागली.

मोहतमीमसाहेब नवी कोरी फीत घेऊन आले. तीन उड्या मिळणार होत्या. नव्या फितीची कडी सुग्रीवकडे, आकडे माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावरून बघायला साहेब स्वतः. या वेळी मापात चूक व्हायला जागा नव्हती.

पहिली उडी एकोणीस फूट सहा इंच भरली.

दुसरी उडी मी मरेपर्यंत विसरणार नाही. गहिनीनाथ आला, फळी दणाणली, आणि तो वर गेला तो खाली येईचना. वाळूत पडला ते वीस फुटांच्या खुणेच्या वीतभर पुढे. मोहतमीमसाहेब 'वाह' म्हणाले. मुलं ओरडत हौदाकडे धावली. मी फीत ओढायला लागलो तर ती ओढली जाईना. मागे वळून पाहिलं. सुग्रीव फळीपाशी बसलेला, आणि त्याचा हात वर.

आम्ही गेलो. बारीक मातीत अंगठ्याचा ठसा होता, बोटभर. सुग्रीवच्या पावलाने सहज पुसला असता. कुणी बघत नव्हतं, आणि बघितलं असतं तरी त्या दिवशी मैदानावरचा एकही माणूस बोलला नसता, मीही नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला सुग्रीवने दुसरा हात वापरला, वर केलेला मात्र खाली घेतला नाही. साहेबांनी मान हलवली आणि उडी बाद झाली.

तिसऱ्या उडीआधी गहिनीनाथने सुग्रीवकडे पाहिलं. सुग्रीव ठसा बुजवून माती पुन्हा सारखी करत होता, पहिल्याइतकीच बारीक. मुलगा मागे गेला, आला, उडाला. या वेळी पाय फळीवर होता, काठाला अगदी टेकून. मी वाकलो. पण माझ्या आधी आकडा साहेबांनीच वाचला. एकोणीस फूट अकरा इंच.

एक इंच कमी. साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं, तिसऱ्यांदा मोजायला लावलं. इंच कमीच भरला. नियम नियम असतो, एवढं बोलून त्यांनी फीत गुंडाळली. त्यांनाही वाईट वाटलं होतं. मुलांची गर्दी हळूहळू पांगली. हेडमास्तर मोहतमीमसाहेबांना चहाला घेऊन गेले. हौदावर आम्ही तिघं उरलो. सुग्रीव मान खाली घालून फळीपाशी बसला होता. बल्दा गेला, कॉलेज गेलं, आणि त्याच्या मते ते सगळं त्यानेच घालवलं होतं, एकदा सुईने आणि एकदा हाताने.

गहिनीनाथ अंगाची वाळू झटकत त्याच्याकडे आला आणि समोर बसला.

"मामा, आधी किती व्हती? एकोणीस-सात न्हवं?"

सुग्रीवने मान हलवली.

"आज एकोणीस-अकरा. चार इंच वाढलो." मग तो म्हणाला, "आन् आधीच्या समद्या उड्यांत अर्धा फूट तुमचा व्हता. ही समदी माझी हाय."

सुग्रीवने त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं, तेच पाऊल, आणि हमसून हमसून रडला. मुलगा त्याच्या पागोट्यावर हात ठेवून बसून राहिला, जणू वडीलधारा तोच. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ लिंबागणेशला भावाकडे, औतापाशी गेला. पण त्या घडीला मी त्या दोघांपासून चार हातांवर उभा होतो, वही हातात होती, आणि इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. वहीत मी एकोणीस-अकरा लिहिलं. आठ वर्षांत माझ्या हाताने लिहिलेला तो पहिला खरा आकडा होता.