मेजर, पोरगी काय करती?

एखादं माणूस पडद्यावर दिसायला लागलं की त्याचे किस्से कसे वाढतात बघा! आमची अनुजा सिनेमात हिरॉईन झाली आणि सांगलीत "मी तर हिला तेव्हाच ओळखलं होतं" म्हणणारी माणसं इतकी झाली की त्यांचा एक मेळावा भरवता येईल. परवा हळदीचा एक व्यापारी मला सांगत होता, "अहो, ती आमच्या दुकानासमोर रिक्षाला थांबायची, तेव्हाच मी म्हटलं होतं!" काय म्हटलं होतं ते मात्र त्याला आठवेना.

माझं तसं नाही. माझं माधवनगरला लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि आमच्या नाटकाच्या ग्रुपचे कपडे पहिल्यापासून मीच बघते. अनुजाला मी स्वतःच्या हातानं सेफ्टी पिना टोचल्यात. त्यामुळे माझा माल ओरिजिनल! ग्रुप जमला, भडंगाचा पुडा फुटला, की एकेक किस्सा निघतो. मग कुणी घड्याळ बघत नाही.

*

अनुजा इस्लामपूरजवळच्या खेड्यातली. कॉलेजसाठी सांगलीला आली आणि मैत्रिणींनी ढकललं म्हणून एकांकिकेच्या ऑडिशनला उभी राहिली. आमचे दिग्दर्शक आपटे सर. बँकेतून रिटायर झालेत, नाटकातून व्हायचं नाव नाही.

सर म्हणाले, "रडून दाखव."

"कशापायी?"

"समज, तुमची म्हैस मेली."

अनुजा त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हस मेल्यावर रडायला येळ कुठं असतोय सर? आदी जेसीबी गाठायला लागतोय!"

सर एवढे हसले की चष्मा खाली पडला. "घ्या हिला," म्हणाले. "रडायचं मी शिकवतो."

ते मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. आमच्या नाटकात तिला रडायचं असलं की मी विंगेत कांदा घेऊन उभी राहायची.

*

आवाज म्हणाल तर पोरगी बांधावरून घरी हाका मारत वाढलेली. आमची तालीम एका शाळेच्या वर्गात चालायची आणि रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. नाटकात अनुजाला वाक्य होतं, "दोन चहा आणा हो!" पहिल्या दिवशी तिनं ते म्हटलं आणि थोड्या वेळात टपरीवाला दोन कप घेऊन दारात हजर! दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी सरांनी वैतागून वाक्यच बदललं, "दोन ग्लास पाणी आणा हो!"

तालीम संपताना टपरीवाला दारात आला. तोंड एवढंसं करून म्हणाला, "माझ्या चहात काय खोट निघाली का सर?"

*

आता खरं कॅरेक्टर. अनुजाचे वडील, मारुती खोत.

आमच्याकडं घरटी एक तरी फौजी असतो. आणि फौजेतून कुठल्याही हुद्द्यावर परत या, गाव तुम्हाला मेजरच म्हणणार. खोत हवालदार होऊन रिटायर झाले, म्हणजे मेजर! इस्त्रीचा शर्ट, कडक मिशी, उसाच्या सऱ्यासुद्धा अशा सरळ की डोळ्यांना त्रास व्हावा.

साताऱ्याला स्पर्धा होती, म्हणून परवानगी काढायला मी आणि आपटे सर गावी गेलो. सोप्यात मेजरांची काळी लोखंडी पेटी होती. फौजींची असते ना, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि गाव लिहिलेली, ती. तिच्या शेजारी तसलीच दुसरी, कोरी करकरीत. झाकणावर एक अक्षर नाही.

मी विचारलं, "ही कुणाची हो?"

"अनूची," मेजर म्हणाले. "पोलीस भरतीची तयारी करतीया. ट्रेनिंगला जाताना लागंल."

"मग नाव का नाही घातलं?"

"कामाला लागल्याबिगर पेटीवर नाव चढत न्हाई." एवढं बोलून ते सरांकडं वळले. "इनचार्ज कोण?"

"मीच," सर म्हणाले.

मेजरांनी सरांना पोटापासून वर आणि पोटापासून खाली बघितलं. "तुमी पळता का?"

सरांनी पोट आत ओढलं. शेवटी परवानगी मिळाली, पण अट घालून. पोरीचं पहाटेचं पळणं चुकता कामा नये आणि ते झाल्याचा रिपोर्ट सरांनी स्वतः द्यायचा.

*

आपटे सरांनी आयुष्यात सूर्योदय फक्त लाइटवाल्याकडून करवून घेतलेला. साताऱ्याच्या लॉजवर पहाटे फोन वाजला. "पळाली का?" सरांना खोटं बोलता येत नाही, हाच तर त्यांचा प्रॉब्लेम! उठले बिचारे, मफलर गुंडाळला आणि तिच्या मागं निघाले. अजिंक्यताऱ्याच्या चढाला पुढं अनुजा, मागं धापा टाकत सर, "अगं थांब! अगं थांब ना!"

मॉर्निंग वॉकला आलेल्या दोन बायकांनी हे बघितलं. त्यांना वाटायचं तेच वाटलं. एकीनं सरांचा मफलर धरला आणि दुसरीनं पायातली चप्पल काढली!

अनुजा माघारी पळत आली. "आवं मावशी, सोडा त्यास्नी! आमचं सर हायत!"

"सर असू दे, न्हाईतर आणि कोण असू दे," मावशी म्हणाली, "ह्या वयात शोभतं का?"

त्या स्पर्धेत अनुजाला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं आणि पुढच्या तपासणीला सरांची शुगर कमी आली. अनुजानं नाचत नाचत ढाल घरी नेली. मेजरांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, "भरतीला ह्येचं मार्क धरत्यात का?"

*

तिला पहिलं मोठं काम मिळालं ते साताऱ्याजवळ शूटिंग चाललेल्या एका सीरियलमध्ये. रोल कसला? प्रेताचा! पहिल्याच सीनला पांढऱ्या चादरीखाली पडून राहायचं आणि बाकीच्यांनी रडायचं. आम्हाला कोण आनंद! ग्रुपवर मेसेज, स्टेटस, फटाके सगळं झालं.

तिकडं गावी मात्र गोंधळ. तिच्या आईनं, आमच्या सुमनकाकीनं, आख्खी आळी टीव्हीपुढं बसवलेली. चादर बाजूला झाली, अनुजाचा चेहरा दिसला आणि काकीनं हंबरडाच फोडला. शेजारच्या बायका गळ्यात पडल्या. मागून आलेल्या एका म्हातारीला कुणी काही सांगितलंच नाही, ती रीतसर पदर तोंडाला लावून बसली! मग काकीनं फोन लावला. "अनू, हायस न्हवं गं तू?"

"हाय की आई!"

"मग बोलत ऱ्हा. मीठमोहऱ्या उतरून हुईस्तोवर फोन ठिवू नगंस. पयलंच काम आन् मेल्याचं घेतीस व्हय गं!"

एवढ्यात मेजरांनी फोन हातात घेतला. मेजर सीरियल बघत नाहीत. बातम्या आणि हवामान, बास. फोनवर म्हणाले, "पोट हलत हुतं. डेडबॉडीचं पोट हलत न्हाई." आणि ठेवून दिला.

अनुजानं मला लगेच सांगितलं. "ताई, आबांनी बघितलं!" म्हणत होती आणि हसत होती. तिला शिव्या दिल्या असत्या तरी ती तेवढीच हसली असती.

*

पुढचं जरा हसण्यासारखं नाही, पण किस्सा म्हणून सांगते.

डिग्री झाली. भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळण्याबिळण्याची परीक्षा, जवळ आलं आणि अनुजानं घरी सांगून टाकलं, "मी ग्राउंडला जाणार न्हाई. मुंबईला जाणार." मेजर ओरडले नाहीत. उठले आणि उसाला पाणी धरायला गेले.

आमच्याकडं फौजी रजा संपवून निघाला की आळीच्या आळी स्टँडवर पोचवायला येते. कुंकू, नारळ, पेटी उचलायला दोघं, गाडी हलली की बायकांचं डोळ्याला पदर लावणं. अनुजाला पोचवायला इस्लामपूर स्टँडवर मी आणि सुमनकाकी. संपलं. जांभळ्या रंगाची ट्रॉली बॅग, तिचं एक चाक स्टँडच्या खड्ड्यातच निखळलं.

चाक हातात घेऊन पोरगी म्हणाली, "ताई, लोकं टाळ्या वाजवतील न्हाईतर न्हाई वाजवणार. आबांनी एकदा म्हणावं, पोरगी कामाला चाललीया. मला तेवढंच पायजे."

मला मेजरांचा असा राग आला होता म्हणून सांगू! अजून थोडा शिल्लक आहे.

*

मुंबईत दोन वर्षं घासल्यावर सिनेमा मिळाला. गावाकडची पोरगी, लीड रोल, शूटिंग परत आपल्या साताऱ्यातच. मी ब्लाउज घेऊन सेटवर गेले तर तिथं भाषा शिकवायला पुण्याहून एक मॅडम आणलेल्या. अनुजाचं वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, "नाही, अस्सल गावरान वाटत नाहीये."

इस्लामपूरची पोरगी ही! तिनं सरळ आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. "आई, हितं मॅडम म्हणत्यात मला गावाकडचं बोलाय येत न्हाई."

सुमनकाकीनं सुरुवात केली. मॅडमच्या माहेरापासून सासरपर्यंत सगळं घेतलं. लाइटवाले पोट धरून खाली बसले. मॅडम मात्र गंभीर चेहऱ्यानं मोबाईलवर रेकॉर्ड करत होत्या. फोन संपल्यावर म्हणाल्या, "एक्सलंट! ह्या फुल टाइम मिळतील का?"

*

सिनेमा लागायच्या आधी इस्लामपूर स्टँडसमोर होर्डिंग लागलं. नुसता अनुजाचा चेहरा! एक डोळा आमच्या दुकानाच्या शटरएवढा. त्या होर्डिंगच्या बरोबर खाली मेजर खताच्या पोत्यांपाशी टेम्पोची वाट बघत उभे. तेवढ्यात त्यांचा जुना पलटणीतला दोस्त भेटला. रामराम झाला, गुडघ्यांची चौकशी झाली.

"मेजर, पोरगी काय करती आता?"

मेजरांनी वर बघितलंच नाही. "भरतीची तयारी करतीया."

दोस्तानं वर बघितलं, मेजरांकडं बघितलं, परत वर बघितलं. "ग्राउंडची तयारी दिसत न्हाई पर," म्हणाला.

हा किस्सा नेमका तेव्हाच येऊन पोचलेल्या टेम्पोवाल्यानं सगळ्या तालुक्यात केला. आम्ही हसून हसून लोळलो. अनुजाला सांगितला तेव्हा ती पण हसली, पण जरा उशिरानं.

*

सिनेमा सांगलीत लागला. आम्ही आख्खा ग्रुप गेलो. आपटे सर पहिल्या रांगेत, सुमनकाकी माझ्या शेजारी. मेजर आले नाहीत. उसाला पाणी होतं. ह्या माणसाच्या उसाला जेवढं पाणी लागतं तेवढं आख्ख्या तालुक्याला लागत नसेल!

सिनेमा चालला. अनुजा गावी येऊन राहिली, सत्कार झाले, नारळ एवढे जमले की काकी सगळ्यांना वाटत सुटली. मग पुढच्या सिनेमाचं शूटिंग आलं. प्रोडक्शनची गाडी पुण्यातून पुढं, पुण्यापर्यंत एसटी. तिच्या नव्या पंजाबी ड्रेसची बाही सैल होती, ती आवळून द्यायला म्हणून मी स्टँडवर गेले. सकाळची वेळ. परत आम्ही तिघीच. बॅग नवी, चाकं चारही धड. पोरं सेल्फी घेत होती, अनुजा हसून उभी राहत होती आणि मधेच रस्त्याकडं बघत होती. मी म्हटलं, "येणार नाहीत गं. कशाला जीवाला लावून घेतेस?"

पुण्याची गाडी लागली. कंडक्टर दारात आला आणि तेवढ्यात स्टँडात एक जीप शिरली. पुढं मेजर, कडक इस्त्रीत. मागं गावातले चार-पाच म्हातारे मेजर आणि त्यांच्या मधे ती काळी पेटी. दोघांनी ती उतरवून कंडक्टरपुढं ठेवली. गर्दी आपोआप मागं सरली.

कंडक्टरला सवय असते. पेटी बघून त्यानं रांगेतल्या पोरांवर नजर फिरवली. "फौजी कुठं हाय? पुढची सीट देतो."

मेजरांनी अनुजाकडं बोट केलं. "ही. कामाला चाललीया."

कंडक्टरनं वाकून झाकण वाचलं. आम्हीही वाचलं. नंबराच्या जागी काही नव्हतं. त्याखाली हुद्द्याच्या जागी लिहिलं होतं, कलाकार. खाली अनुजा मारुती खोत. मग गाव, तालुका, जिल्हा, सगळं सरळ रेषेत.

अनुजा मटकन पेटीपाशी बसली. नावावर पंजा ठेवला आणि रडायला लागली, कांद्याशिवाय.

मेजरांनी मिशीवरून हात फिरवला. "हात काढ," म्हणाले. "रंग वला हाय."