मावशी आणि भीतीचा गट

मानसशास्त्र विभागात कामाला लागून मावशींना बरीच वर्षं झाली होती. पण तिथं नेमकं काय चालतं असं कुणी विचारलं, की त्या हात झटकायच्या. "मला नका विचारू बाई. माझं डोकं नाही त्यात. माणसं येतात, घाबरतात, जातात. मी पाणी देते."

डोकं नाही हे त्या अगदी सहज सांगायच्या. कुणी गुडघा दुखतो म्हणून सांगावं, तसं. लहानपणीच घरात ठरून गेलं होतं ते. थोरली हुशार, धाकटी मठ्ठ. थोरली शिकली, पुढे स्वतः शाळेत शिकवायला लागली. धाकटीला फळ्यापाशी उभं केलं की तिची दातखीळ बसायची, आणि एक दिवस तर तिथं तोंडातून शब्दच फुटला नाही, म्हणून चौथीतून काढून घरी बसवली. बसवली म्हणजे काय, भांड्यांपाशी उभी केली! मावशींनी यासाठी कधी कुणाला बोल लावला नाही. ऐकणाऱ्यालाच संताप यावा, अशी ती गोष्ट.

विभागातल्या एका संशोधक मुलीवर त्यांचा भारी जीव. मुलगी कसली, तिशीला टेकलेली बाई; पण मावशींच्या लेखी पोरगीच. जेवणाची शुद्ध नाही, चष्मा डोक्यावर आणि शोध टेबलाखाली. माणूस घाबरला की त्याची आठवण दगा देते का, हे तिला तपासायचं होतं. मावशींना पहिल्यांदा ऐकून हसूच फुटलं.

"हे शोधायला पैसे देतात तुला? मला विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं."

"वाटणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं, मावशी," पोरगी म्हणाली.

दाखवून देणं सोपं नव्हतंच. सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, आधीच बजावलं होतं, की वर्ष संपेपर्यंत नीट काही हाती आलं नाही तर विषय बंद. विषय बंद म्हणजे पदवी गेली आणि इतक्या वर्षांचं शिक्षण पाण्यात. पोरीचा जीव टांगणीला लागला होता, आणि तिच्यामागे मावशींचाही.

बेत असा होता. येणाऱ्या प्रत्येकासाठी मावशींनी डब्यातून एक घडी केलेली चिठ्ठी काढायची आणि न उघडता पोरीच्या हातात द्यायची. चिठ्ठीवर फुली निघाली तर तो माणूस भीतीच्या गटात. पोरगी त्याला आपल्या खोलीत नेऊन कडक आवाजात दम द्यायची, की आत तुम्हाला शब्द ऐकवतील, ते परत सांगायचे, आणि चुकलात तर प्रत्येक चूक नावासकट सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिली जाईल. फुली नसली तर तेच काम गोड आवाजात समजावायचं. मग माणसानं बोळातल्या बाकावर थोडा वेळ थांबायचं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन परीक्षा द्यायची. परीक्षा घेणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे कळूच द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस नकळत एखाद्याला सांभाळून घेतो. सगळं उरकलं की घाबरवलेल्यांना खरं काय ते सांगायचं, माफी मागायची आणि मगच घरी सोडायचं. बाहेरची गडबड ऐकू येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटीसुद्धा बुजवल्या होत्या.

इतकं सगळं केलं, पण बाकावर कोण बसतं हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. आलेल्याला पाणी द्यायला आणि वेळ झाली की पलीकडे पाठवायला बाकावर मावशी बसायच्या.

अर्धं वर्ष गेलं. पोरीनं आकडे मांडले, तर दोन्ही गट सारखे! घाबरलेल्यांनाही तितकंच आठवलेलं आणि न घाबरलेल्यांनाही. तिनं पुन्हा मांडले, तरी तेच. तिचं जेवण सुटलं. मावशी डबा उघडून पुढ्यात ठेवायच्या आणि संध्याकाळी तसाच उचलायच्या.

एक दिवस एक पोस्टमन आला. त्याची फुली निघाली. पोरीनं त्याला असा दम भरला, की बिचारा घाम पुसत बाहेर गेला. आणि जरा वेळानं बोळातून त्याचं खदखदून हसणं ऐकू आलं. आत्ता तर याची गाळण उडाली होती, मग हा हसतो कसा? पोरगी दारापाशी जाऊन उभी राहिली.

"अहो, ती वरवर ओरडते," मावशी त्याला पाण्याचा पेला देत सांगत होत्या. "आत फळाबिळा काही नाही, मीच झाडते ती खोली. चुकलात तर चुकलात. आभाळ कोसळतंय होय?"

"मावशी!" पोरगी किंचाळलीच. पोस्टमन पेला घेऊन तसाच उभा राहिला.

"काय झालं? हात थरथरत होते गं त्यांचे."

"तुम्ही सगळ्यांशी असं बोलता?"

"सगळ्यांशी कशाला? जे घाबरलेले असतात त्यांच्याशीच. बाकीच्यांना काय गरज?"

पोरगी मटकन बाकावर बसली. आत ती माणसांना घाबरवत होती आणि बाहेर मावशी एकेकाची भीती उतरवून त्याला परीक्षेला पाठवत होत्या. अर्ध्या वर्षात एकही माणूस परीक्षेच्या खोलीत घाबरलेला पोचला नव्हता.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत, मावशी," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

मावशींनी त्या दिवशी दोन्ही जिने दोनदा पुसले. रडायला दुसरी जागा नव्हती.

सर मात्र पोरीवरच उखडले. "त्यांना गप्प बसा म्हणून कुणी सांगितलं होतं का? बोळात काय चालतं हे बघणं तुझं काम. हे सगळे आकडे बाद कर आणि पहिल्यापासून सुरुवात कर. मुदत काही वाढणार नाही."

पोरगी मावशींची माफी मागायला आली, तर मावशींचं आपलं वेगळंच. "दुसऱ्या कुणाला बसव बाकावर. मला नाही जमायचं."

दुसरा कोण होता? ऑफिसातला शिपाई, तर तो बसल्या बसल्या घोरायचा. शेवटी मावशीच बसल्या, तोंडाला कुलूप लावून. काय हाल झाले असतील त्या बाईचे! समोर माणूस नखं कुरतडतोय, पाय हलवतोय, आशेनं आपल्याकडे बघतोय, आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसायचं. घरी गेल्यावर त्यांना घास गोड लागेना. पण पोरीच्या पदवीसाठी त्यांनी दिवसामागून दिवस काढले.

मुदत संपत आली होती आणि थोडीच माणसं उरली होती, तेव्हा एक गॅरेजवाला आला. दांडगा गडी, पण दम मिळाल्यावर ओठ पांढरे पडलेले. बाकावर बसून तो स्वतःशीच पुटपुटायला लागला, "मला काही येत नाही, मला काही येत नाही." मावशींनी ऐकलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "श्वास घे रे राजा."

कुणी पाहिलं नव्हतं. गॅरेजवाला परीक्षा देऊन निघूनही गेला. मावशी उठल्या आणि पोरीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तो मोजू नकोस. मी बोलले त्याच्याशी."

"काय बोललात?"

"श्वास घे म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच. पण बोलले."

पोरीनं पेन उचललं आणि त्याच्या नावावर काट मारली. मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं ना," मावशी म्हणाल्या. त्याच्या जागी नवा माणूस मिळवायला पोरगी चार दिवस बाजारात दुकानोदुकानी हिंडली. मावशींनी त्या चार दिवसांत तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मुदतीच्या आत आकडे हाती आले आणि या वेळी फरक स्वच्छ दिसला. भीतीच्या गटाला बरंच कमी आठवलं होतं. सरांनी कागद दोनदा तपासले, मान डोलावली आणि "लिहायला घे" म्हणाले. पोरीनं बोळात येऊन मावशींना मिठीच मारली.

"झालं, मावशी! जमलं!"

"जमलं ना? आता जेव." मावशी हसल्या. मग म्हणाल्या, "पण एक सांग. त्या घाबरलेल्यांत सगळे मठ्ठच आले असतील तर? त्यांना नसेलच आठवत मुळात."

पोरगी खूष झाली. हाच प्रश्न सरांनीही विचारला असता. "म्हणून तर चिठ्ठ्या, मावशी. कोण कुठे जाणार हे आपण ठरवलंच नाही. हुशार, मठ्ठ, सगळे दोन्हीकडे सारखेच वाटले गेले. डोकी दोन्हीकडे तशीच होती. फरक फक्त भीतीचा."

"डोकी तशीच?"

"तशीच."

मावशी बाकावर बसल्या. बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या.

"आमच्या बाईंच्या हातात पट्टी असायची," त्या म्हणाल्या. "फळ्यापाशी नेऊन उभं करायच्या. मग... म्हणजे माझं डोकंही..."

पोरगी त्यांच्याजवळ बसली. खोटं सांगणं तिला सहज जमलं असतं, पण तिनं ते सांगितलं नाही. "हे गटाबद्दल आहे, मावशी. एकट्या माणसाबद्दल यावरून खात्रीनं नाही सांगता येत."

"खात्री कोण मागतंय? तसं असू शकतं, एवढं तरी आहे ना?"

"आहे. नक्की आहे."

मावशींनी मान हलवली. मग त्यांचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"मला येत होतं गं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरून निघताना मला सगळं येत होतं."