सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एका सहल कंपनीत आफ्रिकेचं टेबल सांभाळतात. एकोणीस वर्षं झाली. जंगलात कुठल्या महिन्यात जावं आणि समुद्रावर कुठल्या, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगतील. ऑफिसात सगळे त्यांना 'हवामान खातं' म्हणतात. खातं कधी चुकत नाही, ही त्यातली खरी गंमत. स्वतः मात्र त्यांनी आफ्रिकेत पाऊल ठेवलं नव्हतं.

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. बारा महिन्यांचे बारा रकाने, वरची ओळ जंगलाची, खालची समुद्राची. हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे विचार करा, लाल म्हणजे घरी बसा. तो रंगवला ताईनं. ताई बालवाडीत शिकवायची, रंगांत तिचा हात बसलेला. बालवाडीच्या भिंतीवर तिनं एक जिराफही काढला होता. मान काढता काढता छत आडवं आलं, म्हणून तिनं ती वाकवून खिडकीवरून पुढे नेली. खरा जिराफ बघून एकदा ती मान नीट करायची, असं ती दरवर्षी म्हणायची.

तक्त्यावर एप्रिल दोन्ही ओळींत लालभडक. आणि सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा दोन्हींत हिरवागार: गवत वाळून बसलेलं, जनावरं पाण्यापाशी गोळा झालेली, कळप नदी ओलांडतायत, समुद्र शांत. एकदा एक नवं जोडपं एप्रिलचं बुकिंग करायला आलं, तर भावोजींनी त्यांना चक्क परत पाठवलं.

"कमरेएवढं गवत असतं. सिंह शेजारी येऊन बसला तरी कळायचं नाही तुम्हाला," ते म्हणाले.

"अहो, आम्हाला एकमेकांना बघायचंय," मुलगी हसत म्हणाली.

"मग घरीच बघा."

मालक आठवडाभर धुसफुसत होता. भावोजींनी मात्र हा किस्सा घरी येऊन तीनदा सांगितला. चुकीच्या मोसमात माणूस पाठवायचा नाही, हा त्यांचा बाणा होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

मेख अशी, की कंपनी आपल्या माणसांना सहलीला पाठवायची ती एप्रिलमध्येच, कारण तेव्हा तिकडची हॉटेलं ओस पडलेली असायची. सप्टेंबर म्हणजे ऐन धंद्याचे दिवस, तेव्हा रजेचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणजे जाता येई तेव्हा हे जाणार नाहीत, आणि हे जायचं म्हणत तेव्हा मालक सोडणार नाही. जानेवारीसुद्धा हिरवा होता. पण जानेवारीत नदीवर कळप नसतात, म्हणून तोही बाद. अशी वर्षामागून वर्षं गेली. ताई हसण्यावारी न्यायची.

मग ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवायची, तो खाली पडायचा. आम्ही तिला धांदरट म्हणून चिडवलं. मी सगळ्यांत जास्त चिडवलं, आणि आज त्याची मला लाज वाटते. तपासलं तेव्हा काचबिंदू निघाला. नजर कडेकडेनं कधीच गेली होती, मधे एक खिडकी तेवढी उरली होती. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला बघू, पण भरवसा देत नाही. जे बघायचंय ते बघून घ्या."

तो मार्च महिना होता. त्याच आठवड्यात कंपनीची एप्रिलची यादी लागली. त्या संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते.

"या वेळी जाऊ या," ताई म्हणाली. "आपलं नाव घाला यादीत."

"एप्रिलमध्ये? अगं, गाडी चिखलात रुतते. नुसतं गवत दिसेल तुला, गवत! एकदाच जायचंय, तर नीट जाऊ. सप्टेंबरमध्ये मी नोकरी सोडून येईन, पण येईन."

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना?"

"ऐकलं म्हणूनच म्हणतोय. उरलेल्या नजरेनं गवत बघायचं का?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले. त्यांचंच बरोबर असणार, हवामान खातं कधी चुकत नव्हतं. ताई म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." आणि उठून डोळ्यांत थेंब घालायला गेली.

जूनमध्ये डोळ्यांतला दाब एकाएकी वाढला. शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली. ऑगस्ट संपता संपता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. मला वाटलं, आता बेत रद्द होईल. पण ताईच म्हणाली, "जाऊ. त्यांनी मालकाशी भांडून रजा मिळवलीय." तिला धरायला मीही गेले.

दुसऱ्या पंधरवड्याचा तिसरा दिवस होता. सगळं तक्त्याप्रमाणे होतं. आभाळात ढग नाही, गवत वाळून जमिनीला टेकलेलं, समोर नदी, आणि काठावर हजारो जनावरं. उघड्या टपाच्या गाडीत आम्ही तिघं उभे होतो. तिघांच्याही गळ्यांत दुर्बिणी होत्या. भावोजींच्या यादीत 'माणशी एक दुर्बीण' असं लिहिलेलं असतं, आणि त्यांनी सवयीनं तिच्याही गळ्यात एक अडकवली होती. ते बघून माझं डोकं फिरलं होतं.

पहिलं जनावर पाण्यात उतरलं. भावोजी तिला सांगायला लागले. "आता पुढचा उतरला, मागचे ढकलतायत... डाव्या हाताला जिराफ आहेत, पाच... नाही, सहा." सांगता सांगता त्यांच्या तोंडी माहितीपत्रकातली वाक्यं यायला लागली, 'निसर्गाचा अद्भुत सोहळा' वगैरे.

ताईनं विचारलं, "गवत कसं आहे?"

"गवत नाहीच. सगळं वाळलंय. म्हणून तर इतकं स्वच्छ दिसतंय."

मग गळ्यातली दुर्बीण काढून तिनं माझ्या हातात दिली, आणि चाचपडत त्यांचा हात शोधला.

"मला गवतसुद्धा चाललं असतं हो," ती म्हणाली.