उरलेली पानं

लिहिणारी बाई म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुमचं आवडतं पुस्तक कोणतं? मला या प्रश्नाचा राग येतो. पुस्तक काय एकटंच आवडतं? ते कुठल्या महिन्यात वाचलं, पोटात काय होतं, शेजारी कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही. मग मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर एका पुस्तकाची शेवटची पानं मी चाळीसेक वर्षं वाचली नव्हती, आणि माझ्या वाचनाचा विषय निघाला की मला तेवढंच आठवतं.

मुखेडला आमच्या घराला लागून एका जिल्दसाजाचं घर होतं. आम्ही त्याला चाचा म्हणायचो, त्याच्या बायकोला चाची. गावच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवायला चाचाकडे यायची. तो ती उसवायचा, फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, सुटे करायचा, पुन्हा दोऱ्यानं शिवायचा, पुठ्ठा चढवायचा. या सगळ्याला आठ-पंधरा दिवस लागत, आणि तेवढे दिवस ती पुस्तकं माझी असत. वाचनालयात मुलींनी जायची रीत नव्हती. त्यामुळे जे फाटेल ते मी वाचलं. चांगलं पुस्तक लवकर फाटतं हे मला लहानपणीच कळलं. जी पुस्तकं कधीच शिवायला आली नाहीत, ती मी आजही संशयानंच बघते.

वाचायचे माझे हंगाम होते. थंडीत अंगणातल्या उन्हात प्रवासाची पुस्तकं, कारण पाय गरम असले की लांब जावंसं वाटतं. पावसाळ्यात भुताखेतांच्या गोष्टी. उन्हाळ्यात जाडजूड घरगुती कादंबऱ्या, ज्यांत माणसं खूप असतात आणि सगळ्यांना भरपूर दुःख असतं. दुपार लांबलचक असायची, कादंबरीही तेवढीच लांब लागायची.

मग पाऊस आलाच नाही. एक वर्ष कमी आला, दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून गेला. वडील नांदेडला गिरणीत होते, महिन्याकाठी एकदा यायचे. माय खडी फोडायच्या कामाला जाऊ लागली. शाळेत सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी. त्या दिवसांत मला पुस्तकातल्या जेवणाच्या पंगतीच तेवढ्या लक्षात राहायच्या. चाचाच्या चुलीवर पुस्तकं चिकटवायची खळ शिजायची, मैद्याची, तिचा वास घरभर पसरायचा. तिच्यात मोरचूद घातलेलं असायचं, म्हणजे तोंडात घालायची सोय नाही. मी नुसती बघत बसायचे. चाचा म्हणायचा, "बेटी, किताबकू कीडा लगना नई म्हून हे जहर हाय. दूर बैस."

त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण गेली. कुठल्याशा आटलेल्या विहिरीचं गढूळ पाणी प्यायली, रात्री उलट्या-जुलाब लागले, आणि दुसऱ्या दिवशी माय कामावरून यायच्या आत सगळं संपलं होतं. मी घरी होते. तिच्याजवळ मीच होते. वडील आले, तिला माती दिली, चार दिवसांनी ते परत नांदेडला गेले. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मायला त्रास होईल म्हणून मी घेत नव्हते. माय का घेत नव्हती हे मी तिला कधी विचारलं नाही.

मायला अक्षर येत नव्हतं. पण श्रावणात गल्लीतल्या मठात पोथी लागायची, ती तिनं कधी चुकवली नाही. पोथीचे सगळे नियम तिला पाठ. हातपाय धुऊन बसायचं. अध्याय अर्धा सोडायचा नाही. ज्यानं सुरू केली त्यानंच समाप्ती करायची, मधे वाचणारा बदलायचा नाही. आणि समाप्ती झाली की गूळ वाटायचा. मी दुपारी तिला आणि चाचीला कादंबऱ्या वाचून दाखवू लागले, तेव्हा तिनं हेच नियम कादंबरीलाही लावले. मी म्हणायचे, "माय, ही काय देवाची पोथी न्हाई."

"बायामानसाचं दुःख लिव्हलंय न्हवं?" ती म्हणायची. "मग पाय धुऊन ये."

प्रत्येक कादंबरी संपली की ती डब्यातून गुळाचा खडा काढून आधी माझ्या हातावर ठेवायची, मग चाचीच्या. मला गोष्टीपेक्षा त्या खड्याची ओढ जास्त असायची, हे कबूल करायला हरकत नाही.

धाकटीला जाऊन दोनेक महिने झाले असतील. चाचाकडे एक कादंबरी आली होती, वाळवीनं कडा खाल्लेली. एका घराची गोष्ट होती, आई आणि तिची मुलगी. रोज दुपारी कामावरून येऊन माय हातपाय धुवायची आणि भिंतीला टेकून बसायची. चाची सुपारी कातरायची. मी वाचायचे. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की गोष्टीतल्या मुलीला ताप येतोय. मला शंका आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाच्या घरी जाऊन मी पुढचा फर्मा एकटीनं वाचला. मुलगी मरते. तिथून पुढे मी वाचलंच नाही, फर्मा जागच्या जागी ठेवून घरी आले.

दुपारी मी नेहमीसारखी बसले. ताप चढला, वैद्य आला, इथपर्यंत पुस्तकातलं वाचलं. मग न अडखळता मनचंच सांगू लागले. ताप उतरला. मुलगी उठून बसली. पुढं तिचं चांगल्या घरी लग्न झालं. समाप्त. मी पुस्तक मिटलं आणि हात पुढं केला.

माय पुस्तकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि उठून चुलीकडं गेली. गूळ दिला नाही.

मी समजले, घरात गूळ नाही. दुष्काळात कुठून असणार? तरी मला राग आला. एवढी युक्ती करून हिचं रडणं वाचवलं आणि गुळाचा एवढासा खडा नाही. दोन दिवस मी फुरंगटून होते. तिसऱ्या दिवशी दुसरी कादंबरी सुरू झाली. ती संपली तेव्हा गूळ मिळाला. मी खाल्ला, आणि विचार केला नाही.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्याच सुमारास माझं लग्न झालं. नवरा नव्या कचेरीत कारकून. जुन्या जिल्ह्याहून दप्तरं ट्रकनं येत होती, गावभर पाट्या रंगवणं चाललं होतं, आणि लातूरकर असे चालत होते जणू प्रत्येकाला बढती मिळालीय. माझं मात्र कशात मन लागत नव्हतं. आता हवं ते पुस्तक वाचनालयातून मिळत होतं, पूर्ण, धड बांधलेलं. मी अधाशासारखी वाचत होते. नळाला पाणी यायची वाट बघत घागरींच्या रांगेत वाचलं, पहिलं मूल पोटात असताना पडून वाचलं, ते राहिलं नाही तेव्हा महिनाभर एक ओळही वाचली नाही. मोठ्यानं वाचणं मात्र सुटलं ते सुटलंच. समोर ऐकणारं कुणी नव्हतं.

माय मुखेडहून जळकोटमार्गे एसटीनं यायची. यायची ती भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन, आणि दोन दिवसांत कंटाळायची. असंच एकदा मी गहू निवडत होते, ती माझ्यासमोर बसली होती. मधेच म्हणाली, "पोरी, त्या वाळवीच्या पुस्तकातली लेक. तिचं काय झालं गं?"

मी तीस वर्षांची बाई होते. माझी स्वतःची लेक अंगणात खेळत होती. तरी माझ्या तोंडून आलं, "बरी झाली की, माय. लग्न झालं तिचं."

"हाव," माय म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातले थोडे गहू ओढून निवडू लागली.

लहानपणीच्या त्या लबाडीचं मला फार वाईट वाटत नाही. बारा वर्षांच्या पोरीनं आणखी काय केलं असतं? पण या दुसऱ्या वेळेला मी स्वतःला माफ करू शकत नाही.

माय गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी मुखेडच्या घरात तिचं देवघर आवरत होते. लाल फडक्यात बांधलेली पोथी निघाली, आणि तिच्याखाली तसल्याच फडक्यात दुसरं काहीतरी. सोडलं तर ती कादंबरी. कडा खाल्लेली, पण चाचाच्या हातानं नीट बांधलेली. आत एक पांढरा दोरा ठेवला होता. मी जिथं मिटली होती, त्याच पानावर.

चाची दारात बसली होती. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिलाही कमी दिसत होतं. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली.

"वाचनालयवाल्यांनी फेकून द्या म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "तुझी माय चाचाकडं आली. म्हनली, मला बांधून द्या. पुरी न्हाई झाली आजून."

"तिला कसं कळलं, चाची?"

"पानं उरली व्हती ना, बेटी. वाचाया येत न्हवतं, दिसत तर व्हतं."

मी विचारलं, मग ती बोलली का नाही? दुसऱ्या कुणाकडून वाचून का घेतली नाही? चाचीनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"म्याबी इचारलं व्हतं. म्हनली, जिनं लावली तिनंच सोडवावी. आता तिला वाचवंना, बहिनीपाशी ती एकलीच व्हती. लेकरू हाय. मोठी झाली की वाचील."

मी तिचं दुःख लपवत होते, आणि ती माझं. ती तर वाटही बघत होती. लातूरला गहू निवडताना तिनं विचारलं, ते मी मोठी झाले का हे बघायला.

मी हातपाय धुऊन आले आणि मायच्या भिंतीला चाचीला बसवलं. दोऱ्यापासून मोठ्यानं वाचू लागले. मुलगी दीड पानात जाते. त्यापुढची सगळी पानं तिच्या आईची आहेत. घरातले तिच्यासमोर मुलीचा विषय काढत नाहीत, आणि ती विहिरीवर, चुलीपाशी, कामात, कुणी नाव काढेल म्हणून वाट बघत राहते. शेवटी एका पानावर ती स्वतःच दारात उभी राहून मुलीला हाक मारते. मला ठाऊकच नव्हतं हे. मी फक्त मरणापर्यंत वाचलं होतं, आणि मायला तिथून पुढचं हवं होतं.

वाचून झालं. चाचीनं विचारलं, "झाली?"

"झाली."

ती भिंतीला धरून उठली, चुलीजवळचा डबा चाचपून काढला. तळाशी गूळ होता, पाघळून पुन्हा घट्ट झालेला. तिनं एक खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात घातला नाही. दारात गेले आणि धाकटीचं नाव घेतलं, मोठ्यानं, मायनं ऐकलं असतं इतक्या मोठ्यानं.